कप्तान नवा आहे

(अनेक वर्षे मालवाहू जहाजांवर नोकरी करून आता मुंबईत राहणाऱ्या मामूने केडगावच्या आपल्या भाचीला हे पत्र लिहिले आहे. भाची नववीत शिकते. सुट्टीतील एका शिबिरात तिला शिडाच्या होडीवर काम करण्याची संधी मिळाली आहे. पण तिच्या मनात एक शंका आहे.)

मुंबई,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय भाची,

खूप खूप दुआ.

तुझे पत्र मिळाले. तू मराठीत लिहिलेस म्हणून मीही मराठीतच उत्तर लिहितो. अम्मीला एखादा शब्द अडला तर तू समजावून सांग. तेवढाच तुझा अभ्यास होईल.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्हा मुलींना आठ दिवसांच्या शिबिराला तलावावर नेणार, तिथे दोघी-दोघींच्या शिडाच्या होड्या असणार, हे वाचून मला फार आनंद झाला. केडगावपासून समुद्र किती दूर! मुंबईचा किनारा गाठायचा तर अडीचशे किलोमीटर यावे लागते. आमच्या लहानपणी तर पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, की तोच आमचा समुद्र असे. आणि आता माझी भाची शिडाच्या होडीत बसणार!

पण पत्राच्या दुसऱ्या पानावर तू खरी गोष्ट लिहिली आहेस. तुझ्या होडीवर कप्तान म्हणून ज्या ताईला नेमले आहे, ती तुझ्याहून एकच वर्षाने मोठी. तिने मागच्या वर्षी असे एक शिबिर केले, एवढाच तिचा अनुभव. "मामू, जिला स्वतःलाच नीट येत नाही, तिच्या होडीत मी बसू का? की नाव काढून घेऊ?" असे तू विचारले आहेस.

"घाबरू नकोस, जा," असे एका ओळीत मला लिहिता आले असते. पण पाण्याच्या बाबतीत असे उत्तर देऊ नये. म्हणून पत्र लांबले तर कंटाळू नकोस.

आधी होडीची ओळख करून घे. होडीच्या मध्यावर उभी असते ती डोलकाठी. डोलकाठीला बांधलेले कापड म्हणजे शीड. तुम्ही उर्दूत त्याला बादबान म्हणता. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवी काठी असते. तिला बूम म्हणतात. ही बूम दारासारखी डावीकडे-उजवीकडे फिरते. होडीच्या मागच्या टोकाला सुकाणू असते. ते कप्तानाच्या हातात असते. मोठ्या शिडाचा दोरही बहुधा त्याच्याच हातात असतो. पुढच्या लहान शिडाचा दोर दुसऱ्याच्या, म्हणजे तुझ्या हातात. होडीच्या तळातून खाली पाण्यात एक फळी सोडलेली असते. तिच्यामुळे होडी वाऱ्याबरोबर आडवी वाहत जात नाही.

यातले बरेच शब्द तुला परके वाटणार नाहीत. सुकाणू हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला. खलाशी हा अरबी 'खलासी'. दर्यावर्दी हा फारसी. कोकणातल्या होडीचा मालक किंवा प्रमुख म्हणजे 'नाखवा'. तो तुमच्या 'नाखुदा'चाच भाऊ! अरब, इराणी आणि कोकणी माणसे शेकडो वर्षे एकाच दर्यात होड्या घालत होती, तेव्हा शब्दही एका होडीतून दुसऱ्या होडीत गेले. एक गंमत सांगतो. होडी एका जागी थांबवण्यासाठी पाण्यात टाकतात त्याला उर्दूत लंगर म्हणतात आणि मराठीत नांगर. केडगावात कोणाला नांगर म्हटलेस तर तो शेताकडे बघेल.

आता वाऱ्याचे सांगतो. वारा ज्या दिशेने येतो, त्याच दिशेला शिडाची होडी सरळ जाऊ शकत नाही. तिला थोडे तिरके जावे लागते. आधी वाऱ्याच्या एका बाजूने तिरके, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरके, अशी नागमोडी वाट काढत ती पुढे जाते. प्रत्येक वळणाला शीड आणि बूम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला येतात. त्या वेळी डोके खाली घालावे लागते. वारा समोरून असताना केलेले वळण सोपे असते. बूम सावकाश येते. वारा पाठीमागून असला तर मात्र बूम एका क्षणात या टोकाचे त्या टोकाला येते आणि वाटेत जे असेल त्यावर आदळते. नव्या कप्तानाच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक हीच. त्याचे लक्ष थोडे ढळते, होडी जराशी वळते, आणि न सांगता बूम फिरते.

तुला पतंग उडवता येतो. नगरला संक्रांतीत तू गच्चीवरून खाली उतरत नाहीस, हे मला ठाऊक आहे. वारा जास्त झाला की पतंगाला आपण काय देतो? ढील! शिडाचेही तेच. वाऱ्याचा जोराचा झोत आला, होडी एका बाजूला कलू लागली, की दोराला ढील द्यायची. शिडातला वारा निघून जातो आणि होडी सरळ होते. शिवाय होडी ज्या बाजूला कलते, तिच्या विरुद्ध बाजूला आपले वजन टाकायचे. अब्बांच्या मागे मोटारसायकलवर बसतेस, तेव्हा वळणावर तू आपोआप त्यांच्याबरोबर झुकतेस ना? तुझे काम साधारण तसेच. फरक इतकाच, की मोटारसायकलवर तुला डोळे मिटून बसता येते. होडीत ते चालत नाही.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी तुझ्या अम्मीलाही कधी सांगितली नाही.

मी वीस वर्षांचा होतो. जहाजावर नोकरी लागायची होती. आम्ही तीन मित्र एका खाडीत शिडाची छोटी होडी चालवायला शिकत होतो. त्या दिवशी आमच्यातला एक जण प्रथमच कप्तान झाला होता. कप्तान झाल्याबरोबर त्याचा आवाज बदलला. तो सारखा हुकूम देऊ लागला. आम्हाला हसू येत होते, थोडा रागही येत होता. उकडत होते, म्हणून आम्ही लाइफ जॅकेटे काढून बसायला घेतली होती. हा मूर्खपणा तिघांचाही होता.

संध्याकाळी आम्ही परत फिरलो. वारा पाठीमागून होता. होडी छान पळत होती. कप्तान किनाऱ्याकडे बघत होता. माझे लक्ष शिडाकडे गेले. शिडाची कड फडफडू लागली होती. होडी हळूहळू वळते आहे आणि आता बूम फिरणार, हे मला स्पष्ट दिसले. बोलायला मला दोन-तीन सेकंद तरी मिळाले असतील. पण मी बोललो नाही. मनात आले, कप्तान तो आहे. मोठा हुकूम सोडतो आहे. त्याला दिसत असेलच. आणि दिसत नसेल, तर बरी खोड मोडेल!

बूम फिरली. आमचा तिसरा मित्र दोर आवरण्यासाठी अर्धवट उठला होता. बूम त्याच्या कपाळावर बसली आणि तो पाण्यात पडला.

होडी काही क्षणांत त्याच्यापासून खूप पुढे गेली. पाण्यात माणसाचे फक्त डोके वर दिसते, आणि छोट्या लाटांमध्येही ते नारळाएवढे डोके पाहता पाहता हरवते. सुदैवाने शिकवणाऱ्यांचे एक वाक्य मला आठवले : माणूस पाण्यात पडला, तर एकाने त्याच्याकडे बोट दाखवायचे आणि नजर हटवायची नाही. मी बोट रोखून उभा राहिलो. कप्तान मात्र गोठून गेला होता. त्याचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला. "आता काय करू?" असे तो मला विचारू लागला. मी म्हणालो, "होडी वाऱ्याकडे वळव. मी वाट दाखवतो." त्याने वळवली. मग शिडाला ढील देऊन आम्ही हळूहळू त्याच्याजवळ गेलो आणि दोघांनी मिळून त्याला काखेत धरून वर ओढले.

तो वाचला. त्याच्या भुवईवर सात टाके पडले. ती खूण अजून आहे.

किनाऱ्यावर आल्यावर कप्तानाने मला विचारले, "बूम फिरणार हे तुला दिसले होते का?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मग बोलला का नाहीस? मी सकाळपासून घाबरलेलो होतो. तुम्ही दोघे काहीतरी बोलाल, म्हणून वाट बघत होतो. तुम्ही गप्प, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडत होतो."

या गोष्टीला चाळीस वर्षे होत आली. त्याचा तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. त्या दिवशी कप्तान नवा होता हे खरे. पण मला दिसत असूनही मी गप्प बसलो, ही चूक त्याची नव्हती.

म्हणून सांगतो, तुझी ताई नवी आहे एवढ्या कारणाने नाव काढून घेऊ नकोस. प्रत्येक कप्तान कधीतरी पहिल्यांदा कप्तान होतो. आपल्या नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेची हकिकत तू ऐकली असशील. १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला अधिकारी गोव्याहून या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. नौका गोव्यातच बांधलेली, लांबी सुमारे सतरा मीटर. वर्तिका जोशी या कप्तान होत्या. त्यांच्याबरोबर प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता होत्या. मला सर्वांत आवडते ते असे, की सहाजणींपैकी फक्त स्वाती विशाखापट्टणमच्या, म्हणजे समुद्रकाठच्या. बाकीच्या ऋषिकेश, कुलू, हैदराबाद, मणिपूर आणि डेहराडून इथल्या. तुझ्यासारख्याच, समुद्र नसलेल्या गावांतून आलेल्या!

जगाची फेरी कप्तानासह सहाही जणींसाठी नवी होती. पण म्हणून त्या तशाच निघाल्या नाहीत. त्यांना शिकवायला दिलीप दोंदे होते. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २००९-१० मध्ये त्यांनी 'म्हादेई' नौकेतून ती केली. त्यांच्या हाताखाली या सहाजणी आधी 'म्हादेई'वर शिकल्या, २०१६ मध्ये मॉरिशसला आणि केप टाउनला जाऊन आल्या. एकमेकींची सवय झाली, कोण कशात पक्की आणि कोण कशात कच्ची हे कळले, मगच मोठा प्रवास. आठ महिन्यांच्या प्रवासात कप्तान काही सदैव जागी राहू शकत नाही. ती झोपते तेव्हा नौका दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असते. पॅसिफिक महासागरात त्यांना वादळाने गाठले, दहा मीटरांच्या आसपास उंच लाटा उठल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. पुढे जायचा हट्ट न धरता त्यांनी नौका मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात नेली, दुरुस्ती करून घेतली आणि मग निघाल्या. ठरलेल्या मुक्कामांत मॉरिशस नव्हते. २१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, सहाही जणी गोव्यात सुखरूप परतल्या.

त्याच 'तारिणी'तून यंदा मे महिन्यात दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जणी जगाची फेरी पुरी करून आल्या. दोघींची होडी! तुमच्यासारखीच, थोडी मोठी इतकेच.

आता तू काय करायचेस ते ऐक. शिबिराला पोचलीस की ताईकडे जा आणि तिला सरळ विचार, "ताई, वळण घेताना तुम्ही मला काय सांगणार? मी काय उत्तर देऊ?" यात तिचा अपमान नाही. उलट तिला हायसे वाटेल. होडीवर एक चांगली रीत आहे. कप्तान म्हणतो, "वळायची तयारी!" दुसरा सगळे बघून म्हणतो, "तयार!" मगच सुकाणू फिरते. दुसऱ्याने "तयार" म्हटले नाही, तर वळायचे नाही. ही रीत दोघींनी जमिनीवर, होडी वाळूत असतानाच दहा वेळा करून बघा. मुली हसतील, हसू देत.

पाण्यात असताना जे दिसेल ते मोठ्याने बोल. वाऱ्याचा झोत येण्याआधी पाण्यावर काळपट सुरकुत्या धावत येताना दिसतात. ताईची नजर शिडावर असेल, तुझी पाण्यावर ठेव. "उजवीकडून झोत येतोय," एवढेच म्हण. "ताई, तुम्हाला दिसत नाही का?" असे म्हणू नकोस. पहिल्या वाक्याने ती झोताकडे बघेल, दुसऱ्याने तुझ्याकडे. तू सांगितल्यावरही तिने वेगळा हुकूम दिला, तर तो पाळ. दोघींनी दोन दिशांना ओढले तर होडी उलटते. वाद घालायचाच असेल, तर किनाऱ्यावर चहा पिताना घाला.

पण एका गोष्टीत मात्र कप्तानाचाही हुकूम चालत नाही. "मला भीती वाटते, परत फिरू," असे दोघींपैकी कोणीही म्हटले, की त्यावर चर्चा न करता परत फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्या. आणि लाइफ जॅकेट नसेल, पाण्यावर शिकवणाऱ्यांची मदतीची होडी नसेल, किंवा जॅकेट मागितल्यावर कोणी हसत असेल, तर होडीत पाय ठेवू नकोस. मग कप्तान नवा असो की तीस वर्षे जुना. त्या दिवशी मामूचे नाव सांगून काठावर बसून राहा.

होडी उलटलीच, तर भिऊ नका. छोट्या होड्या उलटतातच, आणि ती सरळ करायलाही शिबिरात शिकवतील. आधी एकमेकींना हाक मारा. होडीला धरून राहा. किनारा जवळ दिसला तरी होडी सोडून पोहत निघू नका. पाण्यावरचे अंतर दिसते त्याहून जास्त असते. तळातली फळी असते ना, तिच्यावर एकीने उभे राहून भार दिला, की होडी पुन्हा सरळ होते.

आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ. सगळे लिहून झाल्यावर, सलामच्याही खाली, बारीक अक्षरात तू लिहिले आहेस : "मला अजून नीट पोहता येत नाही." अगं, ही ओळ सर्वांत वर लिहायची! ताईला भेटल्यावर पहिले वाक्य हेच सांग. शिकवणाऱ्यांनाही सांग. लाजू नकोस. ज्या कप्तानाला आपला सोबती पोहू शकत नाही हे माहीत नाही, तो कितीही अनुभवी असला, तरी त्या होडीत नवाच. अजून पंधरा दिवस हातात आहेत. अब्बांना म्हणावे, रोज सकाळी तासभर तलावावर न्या आणि स्वतः पाण्यात उतरा. मी त्यांनाही वेगळे पत्र टाकतो.

बरोबर दोन जोड सुके कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ने. चष्म्याला दोरी लाव. पायात चपला नकोत, घट्ट बसणारे बूट हवेत. ओल्या लाकडावर चपला घसरतात. आल्यावर मला लिही. ताईने "वळायची तयारी" म्हटल्यावर पहिल्यांदा तुझ्या तोंडून "तयार" निघाले की नुसतीच मान हलली, ते जरूर कळव.

अम्मी-अब्बांना सलाम. छोट्याला प्यार.

तुझा,
मामू

शब्दार्थ
स्थायिक होणे : एका ठिकाणी कायमचे राहणे. नागमोडी : सापासारखी वळणे घेणारी. झोत : वाऱ्याचा एकदम आलेला जोर. कलणे : एका बाजूला झुकणे. खोड मोडणे : वाईट सवयीची शिक्षा मिळणे. गोठून जाणे : (येथे) भीतीने काही न सुचणे. हायसे वाटणे : मनावरचा ताण कमी होणे. पृथ्वीप्रदक्षिणा : पृथ्वीभोवतीची फेरी.

स्वाध्याय
१. भाचीने मामूला कोणता प्रश्न विचारला होता?
२. शीड फडफडताना दिसूनही मामू गप्प का बसले?
३. कप्तान मोठ्याने का ओरडत होता? त्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
४. "उजवीकडून झोत येतोय" आणि "तुम्हाला दिसत नाही का?" या दोन वाक्यांत मामूंना कोणता फरक वाटतो?
५. पाठात आलेले, उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
६. भाची शिबिराहून परत आली आहे, अशी कल्पना करून तिने मामूला लिहिलेले पत्र तयार करा.